उतार, वजन आणि ‘ब्रेक फेल’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर किंवा खंडाळ्याच्या घाटात एखादी अवजड गाडी पुढच्या वाहनांवर आदळली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य ठरलेले असते. त्यावर वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढी जड गाडी, ती थांबणार कशी? दुसरा, बहुधा दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा ताजा असलेला, म्हणतो की वजनाचा इथे संबंधच नाही, समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. उरलेले अर्धे आकड्यांत मांडले तर दोष नेमका कशाला द्यायचा, हेही कळेल.

आधी विद्यार्थ्याची बाजू. पृथ्वी वस्तूला तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात ओढते. 28.5 टनांच्या ट्रकवर सुमारे 2 लाख 80 हजार न्यूटनचे बल असते आणि 1 टनाच्या मोटारीवर 9,800 न्यूटनचे. पण जितके बल जास्त, तितकेच वस्तुमान हलवायलाही जड, म्हणून खाली येण्याचे त्वरण दोघांना सारखेच मिळते. आपल्याकडे ते दर सेकंदाला सेकंदी 9.78 ते 9.79 मीटर भरते, पुस्तकातले 9.8 हिशेबाला पुरेसे आहे. ब्रेकचेही तसेच. चाक रस्त्यावर जितके दाबले जाते तितके घर्षण वाढते. गाडी दुप्पट जड असेल तर टायरची पकडही जवळपास दुप्पट, आणि वस्तुमान खरोखरच कटते. कोरड्या सपाट डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचे वजनाशी प्रमाण, 0.7 धरला तर ताशी 60 वरून थांबायला ब्रेक लागल्यापासून 20 मीटर लागतात आणि 80 वरून 36 मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते. मोटारीत एक माणूस असो की पाच, या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. ब्रेक दाबण्याआधी डोळा, मेंदू आणि पाय यांत जाणारा वेळ वेगळा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकात तो अडीच सेकंद धरतात आणि ताशी 80 च्या रस्त्यावर चालकाला किमान 120 मीटर पुढचे दिसले पाहिजे असे सांगतात. पाऊस पडला की घर्षणांक 0.4 वर येतो आणि 60 वरचे 20 मीटर थेट 35 होतात. जूनच्या पहिल्या सरींत, रस्त्यावरचे तेल आणि धूळ कालवली जाते तेव्हा, त्याहूनही जास्त.

हे सगळे एका गृहीतावर उभे आहे. ब्रेकमध्ये चाक जाम करण्याइतकी ताकद आहे आणि ती शेवटपर्यंत टिकते, हे ते गृहीत. लहान मोटारीत ते बहुतेक वेळा खरे ठरते. भरलेल्या ट्रकमध्ये ते तितकेसे खरे नसते आणि घाटात तर बिलकूल नसते.

ट्रकचा ब्रेक ठरावीक वजनासाठी बनवलेला असतो. 2018 च्या सुधारणेनंतर तीन अक्षांच्या दहा चाकी ट्रकला एकूण 28.5 टनांची परवानगी आहे. थंड ब्रेक आणि पूर्ण भार या स्थितीत असा ट्रक दर सेकंदाला सेकंदी 5 मीटरने वेग कमी करतो असे समजा. म्हणजे 60 वरून 28 मीटर. त्यात हवेच्या ब्रेकचा उशीर मिळवा. पॅडल दाबल्यापासून हवा मागच्या बूस्टरपर्यंत (हवेच्या दाबाने ब्रेकची दांडी ढकलणारा डबा) पोचून लायनर, म्हणजे घासणारे अस्तर, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून भिडेपर्यंत अर्धा सेकंद जाऊ शकतो. ताशी 80 ला अर्ध्या सेकंदात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. आता याच गाडीत वाळू किंवा खडी चढवून वजन 36 टन केले, तर ब्रेकचे बल तेच राहते आणि ते वाटायचे मात्र जास्त वस्तुमानावर असते. वेग घटण्याचा दर 5 वरून 4 च्या खाली येतो, अंतर 28 वरून 35 मीटर होते. इथे वस्तुमान कटत नाही, कारण मर्यादा आता टायरची नसून ब्रेकची आहे. तरीही सपाट रस्त्यावर फरक सातच मीटरचा. ओव्हरलोड गाडी चालवणाऱ्याचा आत्मविश्वास या सात मीटरांतून येतो. गावापासून हायवेपर्यंत ‘ब्रेक तर नीट पकडतोय’ असाच त्याचा अनुभव असतो.

उतारावर गणित बदलते, तेही लोक समजतात त्या कारणाने नव्हे. चार टक्के उतार घ्या, म्हणजे 100 मीटर पुढे गेले की 4 मीटर खाली. गुरुत्वाकर्षणाचा रस्त्याच्या दिशेचा भाग 0.39 इतके त्वरण देतो. थंड आणि धडधाकट ब्रेकच्या 5 मधून 0.39 वजा केले तर 4.6 उरतात आणि 60 वरून थांबायचे अंतर 28 चे 30 मीटर होते. दोनच मीटर वाढले. मग घाटात एवढे होते तरी काय?

लोणावळा समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या वर आणि खोपोली 100 च्याही खाली. उतरायची उंची पाचशे मीटरहून जास्त. 28.5 टनांचा ट्रक 500 मीटर खाली आला की गुरुत्वाकर्षणाने त्याच्यावर सुमारे 14 कोटी ज्यूल कार्य केलेले असते. तोच ट्रक ताशी 60 ने धावत असताना त्याची गतिज ऊर्जा असते 40 लाख ज्यूल. म्हणजे घाट उतरणे हे ताशी 60 वरून पस्तीस वेळा करकचून थांबण्याएवढे काम आहे, आणि या पस्तीस वेळांत ब्रेकला निवायला उसंत नाही. पायथ्याशी पोचताना वेग माथ्यावर होता तेवढाच ठेवायचा, तर या 14 कोटींतला जवळजवळ प्रत्येक ज्यूल कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडला पाहिजे. टायरचे लोळण-घर्षण आणि हवेचा विरोध त्यातला थोडाच भाग घेतात. बाकीचे दोनच जण घेऊ शकतात, इंजिन आणि ब्रेक.

सगळे ब्रेकवर टाकले तर काय होईल तेही मोजता येते. अशा ट्रकला सहा ड्रम, प्रत्येकी साधारण 50 किलो बिडाचा. 300 किलो बीड एका अंशाने तापवायला दीड लाख ज्यूल लागतात. 14 कोटींना दीड लाखाने भागा, 900 हून जास्त अंश येतात. वारा ड्रमला थंड करत असतो, म्हणून प्रत्यक्षात तापमान इतके चढत नाही. पण तितके चढावे लागतच नाही. लायनरचे घर्षण साधारण 250 ते 300 अंशांनंतर ढासळू लागते. लायनरमधली राळ जळून वायू सुटतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो. त्याच वेळी ड्रम फुगतो. 410 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 300 अंशांनी तापला की व्यास 1.3 मिलिमीटरच्या आसपास वाढतो. लायनर आतून बाहेर ड्रमला भिडतो, म्हणजे ड्रम त्याच्यापासून दूर सरकतो. ही एवढीशी फट भरायला बूस्टरच्या दांडीला सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच धाव घ्यावी लागते, कारण मध्ये लांब दांड्याचा स्लॅक अॅडजस्टर (ढिलाई आवळता येणारी तरफ) आणि लायनरला बाहेर ढकलणारा छोटा कॅम असतो. नेहमीच्या 30 नंबरच्या बूस्टरची पूर्ण धाव 64 मिलिमीटर, आणि 51 च्या पुढे गेली की स्लॅक आवळायला हवा असा दंडक. स्लॅक आधीच ढिला असेल, थंड असतानाच दांडी 50 मिलिमीटर पळत असेल, तर गरम झाल्यावर ती बूस्टरच्या तळाला टेकते. हवा पूर्ण दाबाने येते, पॅडल कडक लागते, फुस्स आवाजही येतो, आणि ड्रमवर दाब मात्र पडत नाही. ‘ब्रेक दाबला पण लागला नाही’ असे चालक सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो.

दुसऱ्या दिवशी गाडी तपासली तर ब्रेक लागतो! ड्रम थंड होऊन पुन्हा आकसलेला असतो. मग ‘ब्रेक ठीक होते, चालकाचीच चूक’ असा शेरा पडतो. म्हणून अपघातानंतरच्या तपासणीत ब्रेक लागतो का एवढेच पाहून भागत नाही. दांडीची धाव मिलिमीटरमध्ये किती, ड्रमवर निळसर डाग आणि केसासारख्या भेगा आहेत का, लायनर चकचकीत झाले आहेत का, आणि गिअर कोणता होता, हे नोंदवावे लागते. पुढचा ब्रेक गाडी एका बाजूला ओढतो म्हणून तो मुद्दाम ढिला करून ठेवायची खोड काही ठिकाणी आहे, तेही पाहायला हवे. दोन ड्रम असे सुट्टीवर गेले की सहाचे काम चौघांवर पडते आणि ते तितक्याच लवकर तापतात.

आता वर मागे ठेवलेले वस्तुमान परत आणू. ब्रेक गरम होऊन मूळ ताकदीच्या निम्म्यावर आला, तर चार टक्के उतारावर 60 वरून थांबायला 28.5 टनांच्या ट्रकला 66 मीटर लागतात. पाचव्या हिश्श्यावर आला तर 228 मीटर. दहाव्या हिश्श्यावर आला तर सव्वा किलोमीटरच्या वर, आणि आणखी थोडा खाली गेला तर गाडी थांबतच नाही, कारण उताराचे 0.39 ब्रेकपेक्षा वरचढ ठरतात. (लोळण-घर्षण या आकड्यांत धरलेले नाही. ते धरले तर शेवटचे आकडे थोडे उतरतील, चित्र तेच राहील.) पाचव्या हिश्श्याच्या त्याच स्थितीत 36 टनांचा ट्रक 228 ऐवजी 348 मीटर घेतो. सपाटीवर थंड ब्रेकला साडेसात टन जादा मालाचा फरक सात मीटर होता, तो इथे 120 मीटर झाला. शिवाय 36 टनांना घाटात 14 ऐवजी साडेसतरा कोटी ज्यूल पचवायचे असल्याने त्याचा ब्रेक या अवस्थेला आधीच पोचतो. ओव्हरलोड दोन्हीकडून मारतो.

गाडी न्यूट्रलला सोडणे ही यातली सर्वांत महाग खोड. न्यूट्रलमध्ये चार टक्के उतारावर, लोळण-घर्षण धरूनही, गाडीचा वेग 40 वरून 80 व्हायला सुमारे 580 मीटर आणि 35 सेकंद पुरतात. इथे वस्तुमान खरोखर कटते, रिकामी आणि भरलेली गाडी जवळजवळ सारख्याच सुटतात. फरक त्यानंतर पडतो. रिकामी गाडी ब्रेकला आवरते, भरलेली आवरत नाही. वेगनियंत्रक बसवला आहे, मग 80 च्या वर जाणार कशी, असेही विचारले जाते. वेगनियंत्रक फक्त इंजिनला मिळणारे डिझेल तोडतो. गुरुत्वाकर्षण डिझेलवर चालत नाही.

न्यूट्रलने डिझेल वाचते हा समजही जुन्या पंपाच्या काळातला. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की डिझेल पूर्ण बंद होते, चाकेच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या बळावर सुरू राहण्यासाठी डिझेल घ्यावे लागते. म्हणजे वाचवायला जाऊन जास्तच जळते. इंजिन साफ बंद केले तर मग विचारायलाच नको. कॉम्प्रेसर थांबतो, टाकीतली हवा वारंवार पॅडल मारले की पडत जाते, आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री नवले पुलाजवळ एका ट्रकच्या धडकेत अनेक वाहनांचे नुकसान झाले. त्या ट्रकचे इंजिन उतारावर बंद ठेवले होते असे प्राथमिक तपासाच्या बातम्यांत तेव्हा छापून आले होते.

एका ट्रकने इतकी वाहने कशी ठोकली, याचे उत्तरही वस्तुमानातच आहे. 28.5 टनांचा ट्रक ताशी 60 ने उभ्या असलेल्या 1.1 टनाच्या मोटारीवर आदळला आणि दोघे एकत्र पुढे गेले, तर नंतरचा वेग 57.8 येतो. ट्रकचा वेग जेमतेम 2 ने घटला, मोटारीचा क्षणात शून्यावरून 58 झाला. आत बसलेल्यांना जो हिसका बसतो तो हा 58 चा, चालकाच्या केबिनमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. घर्षण सोडून दिले तर अशा दहा मोटारी ढकलत नेल्यावरही ट्रकचा वेग 43 उरतो. मोटारीची मजबुती किती तारांकित आहे याची चर्चा आपण फार करतो. समोरच्या टकरीची त्यातली चाचणी साधारण तितक्याच वजनाच्या मोटारीशी टक्कर झाल्यासारखी असते, अठ्ठावीस टनांशी नव्हे. उताराच्या तळाशी रांग थांबलेली दिसली तर निदान शेवटच्या मोटारीने पुढे गाडीभर जागा मोकळी ठेवावी, चारही दिवे लुकलुकत ठेवावेत आणि मागची गाडी थांबेपर्यंत आरशावरची नजर काढू नये.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेच्या घाटात अवजड गाड्यांना ताशी 40 ची मर्यादा घालून कॅमेऱ्याने दंड सुरू झाला, तेव्हा वाहतूकदारांनी तक्रार केली की इतक्या हळू गाडी चालतच नाही. त्यांची अडचण समजते. चढावर आणि उतारावर एकच आकडा लावणे मलाही पटत नाही. उतारापुरते मात्र गणित पाहावे. चार टक्के उतारावर 28.5 टनांची गाडी 40 ला स्थिर ठेवायची तर लोळण-घर्षण आणि हवा वजा जाता 100 किलोवॉटच्या आसपास शक्ती सतत जिरवावी लागते. दोन किलोवॉटचे पन्नास गीझर वीस मिनिटे सुरू ठेवल्यासारखी ती उष्णता आहे. 60 ला हाच आकडा 140 होतो. इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाला जड करणारी झडप) मिळून 70 किलोवॉट घेतात असे धरा. 40 ला ड्रमच्या वाट्याला 30 उरतात, 60 ला 70. वेग दीडपट, ड्रमवरचा भार दुपटीहून जास्त. शिवाय चार टक्क्यांनी 500 मीटर उतरायचे म्हणजे साडेबारा किलोमीटर, त्यात 40 ने उतरणाऱ्याला निवायला 19 मिनिटे मिळतात, 60 वाल्याला साडेबारा.

म्हणून उतरण्याची रीत माथ्यावर ठरते. उतार सुरू होण्याआधी गाडी सपाटीवर उभी करावी. हवेचा काटा 7 बारच्या वर हवा. इंजिन बंद करून पॅडल पूर्ण दाबून धरावे आणि मिनिटभर काटा पाहावा, भराभर उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. मग एकाने पॅडल दाबावे आणि दुसऱ्याने प्रत्येक बूस्टरच्या दांडीवर खडूने केलेली खूण किती पुढे गेली ते पट्टीने मोजावे. दोन माणसांचे पाच-सात मिनिटांचे काम आहे हे. स्वयंचलित स्लॅक असले तरी मोजावे. ते अडकतात, आणि फिटरने हाताने आवळले तर मूळ बिघाड झाकला जातो. ज्या गिअरमध्ये हाच घाट भरल्या गाडीने चढला असता, तो किंवा त्याहून एक खालचा गिअर माथ्यावरच टाकावा आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवावा. उतारात मध्येच गिअर उतरवायला गेले की गाडी वेगात असल्याने खालचा गिअर पडत नाही आणि वरचाही परत लागत नाही. न्यूट्रलमध्ये अडकलेल्या कितीतरी गाड्या अशाच अडकलेल्या असतात, मुद्दाम सोडलेल्या नव्हे.

पॅडलवर पाय ठेवून सतत हलकेच घासत उतरू नये. ठरवलेला वेग 40 असेल तर 40 ला एकदा ठाम दाबावे, तीनेक सेकंदांत 30 वर आणावे आणि पूर्ण सोडावे, पुन्हा 40 झाला की पुन्हा तेच. एकूण उष्णता सारखीच, पण ठाम दाबाने सहाही ड्रम काम करतात. हलक्या दाबात ज्या चाकाचा ब्रेक आधी लागतो तेच एकटे तापत राहते. जळका वास आला, चाकापाशी धूर दिसला किंवा तोच वेग राखायला पॅडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावे लागू लागले, तर पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. चाकांखाली ठोकळे लावावेत आणि अर्धा तास तरी हलू नये. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. बीड तडकते.

मोटारवाल्यांनी हे सगळे ट्रकचे म्हणून सोडून देऊ नये. त्यांच्या ब्रेकमध्ये हवा नसते, ऑइल असते, आणि ते दमट हवेतले पाणी शोषते. डॉट 3 प्रतीचे नवे ऑइल 205 अंशांना उकळते, पाणी शोषलेले 140 लाच उकळू शकते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पॅडल तळाला जाते, आणि ‘ब्रेक फेल’ हा शब्द इथे खरा ठरतो. आंबेनळी, आंबोली, चोर्ला असे घाट उतरणाऱ्या सात आसनी गाडीत सात माणसे आणि टपावर सामान असेल तर दुसरा गिअर, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअलमधला दुसरा, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी नवे. कोकणातल्या गाड्यांनी तर यात कसूर करू नये.

रस्ता बांधणाऱ्यांकडून काय हवे तेही लिहितो. उताराच्या तळाशी गतिरोधक पट्ट्यांवर पट्ट्या टाकण्याचा सपाटा लावला जातो. तिथे पोचलेल्या गाडीचा ब्रेक आधीच तापलेला असतो, पट्टी त्याला आणखी एकदा तापवते. पट्ट्या, फलक आणि तपासणी माथ्यावर हवी, जिथे गिअर बदलायला वाव असतो. तिथे सगळ्या अवजड गाड्यांना सक्तीने वळावे लागेल असा थांबा असावा आणि त्यात वजनकाटा. फलकावर नुसते ‘तीव्र उतार’ न लिहिता उतार किती टक्के, किती किलोमीटर आणि कोणत्या वजनाला किती वेग, हे लिहावे. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला 20 हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार असा दंड आहे, आणि जादा माल उतरवल्याखेरीज गाडी पुढे जाऊ देऊ नये असेही त्यातच म्हटले आहे. दंडाची पावती हातात घेऊन तोच माल त्याच घाटात उतरत असेल तर कलमाचा दुसरा भाग कुणी वाचलेलाच नाही असे म्हणावे लागते.

आणि जिथे जागा आहे तिथे सुटलेल्या गाडीसाठी खडीचा अटकाव-मार्ग. त्याची लांबी काढताना वस्तुमान पुन्हा कटते. सुट्या गोट्यांच्या थराचा विरोध 0.25 आणि मार्ग पाच टक्के चढता धरला, तर 80 ने आलेल्या गाडीला 84 मीटर आणि 100 ने आलेल्या गाडीला 131 मीटर पुरतात. खडी गोल आणि एकाच मापाची हवी. फोडलेली टोकदार खडी एकमेकींत गुंतून घट्ट बसते आणि गाडी रुतण्याऐवजी वरून घसरत जाते. थर मीटरभर खोल आणि खाली पाण्याचा निचरा. आपल्या पावसात त्यात माती साचून दोन वर्षांत तो रस्त्यासारखा टणक होईल, म्हणून दर पावसाळ्यानंतर तो उपसून सैल करण्याचे काम देखभालीच्या निविदेत नावासकट लिहिलेले असले पाहिजे.

वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘ब्रेक निकामी’ छापण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. वजनकाट्याची पावती किती टनांची होती, गिअर कोणता होता, आणि मोटार वाहन निरीक्षकांनी बूस्टरची धाव किती मिलिमीटर मोजली. तिसऱ्याचे उत्तर ‘मोजली नाही’ असे आले तर तेच छापावे.

आपला,
एक वाचक, चिंचवड